डोळ्यांत बसलेलं माप

फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही पोहोचला. भरलेल्या अंगाचं तिथे कौतुक होतं. कुणी वाळत चाललं, तर घरचे लक्ष देत नाहीत की काय, अशी काळजी आसपासच्यांना वाटायची. टीव्ही आल्यावर थोड्याच आठवड्यांत हार्वर्डच्या मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींकडून खाण्याच्या सवयींची एक प्रश्नावली भरून घेतली. १९९८ मध्ये तीच प्रश्नावली त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींना दिली. चिंता वाटावी असे गुण पडलेल्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या गटात एकही नव्हती, दुसऱ्या गटात असं करणाऱ्या ११.३ टक्के निघाल्या. दोन्ही गट साठ-पासष्ट मुलींचेच होते आणि त्या तीन वर्षांत फिजीत इतरही बरंच काही बदलत होतं, हे विसरू नये. तरीही हे आकडे मला आजही अस्वस्थ करतात.

असं का होतं? मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलं होतं, की जिथे पक्कं माप नसतं तिथे माणूस स्वतःला दुसऱ्यांशी ताडून पाहतो. वजनाला काटा आहे, पण ‘मी दिसायला बरा आहे का?’ याला काटा नाही. म्हणून आपण आजूबाजूला बघतो. हे आजूबाजूचे लोक पूर्वी भावंडं, मैत्रिणी, गल्लीतली माणसं असे सगळ्या आकारांचे होते. आता त्यांच्या जोडीला पडद्यावरचे मोजके निवडक देह आले आहेत. प्रकाश, कॅमेऱ्याचा कोन आणि फिल्टर यांतून गेलेले.

यात नुसते विचारच बदलत नाहीत, नजरही बदलते, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उन्हातून घरात आल्यावर डोळे जसे तिथल्या उजेडाला सरावतात, तसा मेंदू शरीरांच्या आकारालाही सरावतो. प्रयोगांत लोकांना काही मिनिटं कृत्रिमरीत्या बारीक केलेल्या देहांचे फोटो दाखवले जातात आणि मग ‘यातलं सर्वसाधारण शरीर कोणतं?’ असं विचारलं जातं. उत्तर बारीकपणाकडे सरकलेलं असतं. जाड केलेले देह दाखवले, तर ते उलट दिशेला सरकतं. यात मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. ‘फोटो खोटा आहे हे कळतं ना, मग कशाला मनाला लावून घेतेस?’ हे मुलींना दिलं जाणारं उत्तर म्हणूनच अपुरं आहे.

फ्रान्समध्ये २०१७ पासून, मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड दिसावं म्हणून बदल केलेल्या जाहिरातीतल्या फोटोवर तशी सूचना छापावी लागते. नॉर्वेतही २०२२ पासून असा कायदा लागू आहे. हेतू योग्यच आहे. पण अशा सूचनांवरच्या बहुतेक प्रयोगांत, सूचना वाचूनही बायकांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी झालेली दिसली नाही.

या नाराजीवर बाजार जुन्या काळापासून पोसला गेला आहे. जिलेटने १९१५ मध्ये बायकांसाठी रेझर आणला. काखेतले केस लाज वाटण्याजोगे आहेत, हे जाहिरातींनीच बायकांच्या मनावर ठसवलं. जंतुनाशक म्हणून विकलं जाणारं लिस्टरिन १९२० च्या दशकात तोंडाच्या दुर्गंधीची भीती दाखवून घराघरांत गेलं. आधी उणीव पटवून द्यायची, मग तिच्यावरचा उपाय विकायचा. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मुलांच्या खेळण्यातल्या सैनिकांची मापं घेतली, तेव्हा दर पिढीगणिक त्यांचे स्नायू फुगत गेलेले आढळले. पिळदार शरीर असूनही स्वतःला किरकोळ समजणारे तरुण आज डॉक्टरांकडे येतात.

मग करायचं काय? निदान एका प्रयोगाचं उत्तर सोपं आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चिंता किंवा नैराश्याची लक्षणं असलेले, सोशल मीडिया भरपूर वापरणारे २२० विद्यार्थी होते. त्यांतल्या निम्म्यांनी तीन आठवडे हा वापर दिवसाला एका तासावर आणायचा होता. बाकीच्यांवर बंधन नव्हतं. ज्यांनी वापर घटवला, त्यांना स्वतःचं रूप आणि वजन या दोन्हींबद्दल आधीपेक्षा बरं वाटू लागलं. दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही.