कोहळा, बकरा आणि माणूस

खंडेनवमीला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये यंत्रं पुसून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवलेली असतात. एका वर्कशॉपच्या दारात मी दरवर्षी थांबतो. फोरमन एका घावात कोहळ्याची दोन भकलं करतो आणि आत मूठभर कुंकू चोळतो. पांढरा गर लालभडक होतो. मग उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक भकल. बळी दिला, असंच सगळे म्हणतात.

फळाला रक्ताचा रंग कशासाठी? फ्रेंच विचारवंत रने जिरार (१९२३–२०१५) यांनी १९७२ साली याचं एक धाडसी उत्तर मांडलं. माणूस हाव धरायलाही दुसऱ्याकडे बघूनच शिकतो. शेजाऱ्याला हवं तेच मला हवं, म्हणून चढाओढ, मग सूड, सुडावर सूड. पोलीस नाहीत, कोर्ट नाही. अशी टोळी स्वतःलाच संपवेल. पण सगळ्यांचा राग एकावर फिरला, तो मेला, की एकदम शांतता. ही शांतता चमत्कारच वाटते, म्हणून मेलेला आधी पापी ठरतो आणि नंतर देव. पुढे विधीत तेच पुन्हा घडवायचं, फक्त माणसाच्या जागी बकरा. कोहळा हे त्यापुढचं पाऊल, असं मला वाटतं.

त्याच वर्षी वाल्टर बुर्केर्ट या जर्मन अभ्यासकाने बळीचं मूळ शिकारीत आणि मारणाऱ्याच्या अपराधी मनात शोधलं. मला मात्र जिरार यांची एक अट जास्त खुपते: बळी असा हवा, ज्याचा सूड घ्यायला मागे कोणी नाही. आपलं सुभाषित हेच सांगतं. घोडा नको, हत्ती नको, वाघ तर नकोच; बकरीचं पोर द्या, देवो दुर्बलघातकः!

२०१६ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ९३ ऑस्ट्रोनेशियन समाजांचा, म्हणजे तैवानपासून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेल्या एकाच भाषाकुळातल्या समाजांचा, अभ्यास आला. त्यांपैकी ४० समाजांत नरबळी होता. समतेच्या २० समाजांपैकी ५ ठिकाणी. पक्की उतरंड असलेल्या २७ पैकी तब्बल १८ ठिकाणी. भाषांच्या वंशवृक्षांवरून कालक्रम लावला, तेव्हा नरबळीने उतरंड घट्ट धरून ठेवल्याचं दिसलं. मरणारे बहुधा गुलाम, मारवणारे सरदार आणि पुजारी.

जिरार यांनी जमावाचं मन अचूक ओळखलं. पण जमावाला बोट दाखवून देणारा त्यांच्या मांडणीत पुरेसा दिसत नाही. हत्ती-घोडे कोणाच्या दारात बांधलेले असतात, हे सुभाषितकाराला चांगलं ठाऊक होतं.