लिबरल आर्ट्स महाविद्यालयातील स्टुडिओ आर्ट पदवी

अमेरिकेतील लिबरल आर्ट्स महाविद्यालयांत रेखाटन, रंगचित्र, शिल्प, मुद्राचित्रण, छायाचित्रण, सिरॅमिक्स, डिजिटल माध्यमे यांचे प्रत्यक्ष काम हा मुख्य विषय ठेवून मिळवायची चार वर्षांची बी.ए. पदवी. विल्यम्स, ॲमहर्स्ट, ओबरलिन, पोमोना, ग्रिनेल, व्हॅसर, स्मिथ ही अशा महाविद्यालयांतली काही ठळक नावे. ती एकाच व्यवसायाऐवजी अनेक विद्याशाखांचे व्यापक शिक्षण देतात, बहुधा निवासी असतात, विद्यार्थिसंख्या मोजकी असते आणि भर पदवीपूर्व शिक्षणावर असतो. कलेचा इतिहास हा तिथे सहसा स्वतंत्र मुख्य विषय असतो, मग दोन्हींचा विभाग एकच का असेना.

आर्ट स्कूलमधल्या बी.एफ.ए.शी (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) या पदवीची गल्लत नेहमी होते. फरक मुळात प्रमाणाचा आहे. कलाशिक्षण संस्थांना मान्यता देणाऱ्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ आर्ट अँड डिझाइन’ (स्थापना १९४४) या संस्थेच्या निकषांप्रमाणे बी.एफ.ए.मध्ये किमान ६५ टक्के श्रेयांक दृश्यकलेचे असावे लागतात, तर बी.ए.मध्ये हे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. उरलेला, म्हणजे मोठा, वाटा इतर विषयांचा. विल्यम्स किंवा ॲमहर्स्टमध्ये पदवीसाठी ३२ अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. अशा ठिकाणी स्टुडिओ आर्टच्या विद्यार्थ्याचे दहा-बारा अभ्यासक्रम आपल्या विभागातले असतात. बाकीच्यांत तो जीवशास्त्र शिकतो, अर्थशास्त्र शिकतो, एखादी परकी भाषा शिकतो. काही महाविद्यालये एकाच विभागात किती अभ्यासक्रम घेता येतील यावरही मर्यादा घालतात. उत्साहाच्या भरात विद्यार्थ्याने चारही वर्षे चाकावर माती फिरवण्यात घालवू नयेत, हा त्यामागचा हेतू.

इतर विषयांची सक्ती सगळीकडे सारखी नाही. बऱ्याच ठिकाणी लेखन, गणिती विचार, प्रयोगशाळेसह एखादे विज्ञान आणि परकी भाषा अशा अटी असतात. ॲमहर्स्ट आणि ग्रिनेल यांनी मात्र पहिल्या वर्षाचा एक लेखनप्रधान परिसंवाद (सेमिनार) वगळता सर्वांसाठी सक्तीचे असे काहीच ठेवलेले नाही. तिथे विद्यार्थी आणि सल्लागार प्राध्यापक मिळून निवड ठरवतात. व्हरमाँटमधले बेनिंग्टन याहून पुढे गेलेले आहे. तिथे ठरावीक मुख्य विषयच नाहीत. आपण काय शिकणार आणि का, याची योजना विद्यार्थ्याने लिहायची, ती अध्यापकांपुढे मांडायची आणि वेळोवेळी सुधारायची.

विभागातल्या अटींची सुरुवात फाउंडेशनने, म्हणजे पायाभूत अभ्यासक्रमांनी होते. रेखाटनाचा एक अभ्यासक्रम जवळपास सर्वत्र असतो. त्याच्या जोडीला द्विमितीय आणि त्रिमितीय रचनेचा, कुठे रंगाचा, तर अलीकडे कुठे कॅमेरा आणि संगणकाचाही. या पायरीला बाउहाउसच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा आधार आहे. १९१९ मध्ये जर्मनीत वायमार येथे सुरू झालेल्या त्या शाळेत योहानेस इटेन यांनी तो घडवला. पुढे तिथेच शिकून अध्यापक झालेले योसेफ आल्बर्स १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडल्यावर पत्नी आनी आल्बर्स यांच्यासह अमेरिकेत आले. आले ते नॉर्थ कॅरोलायनातल्या, त्याच वर्षी उघडलेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात. आल्बर्स रंगाच्या वर्गात रंगीत कागद वापरायला लावत. ब्रशचे कसब आडवे येऊ नये आणि एक रंग शेजारच्या रंगामुळे कसा बदलतो एवढेच दिसावे, म्हणून. झाडांची वाळलेली पानेही त्यांच्या वर्गात वापरली जात. रूथ असावा, रॉबर्ट राउशेनबर्ग ही पुढे नावाजलेली कलावंत मंडळी याच कॉलेजातली. गंमत अशी की आज ज्या पायाभूत अभ्यासक्रमांची तक्ते मांडून सक्ती केली जाते, त्यांना अमेरिकेत रुजवणाऱ्या या कॉलेजात सक्तीचे अभ्यासक्रम जवळजवळ नव्हतेच. पदवी हवी असेल त्याने तयारी झाली असे वाटल्यावर बाहेरच्या परीक्षकासमोर उभे राहायचे. फार थोड्यांनी ती तसदी घेतली. १९५७ मध्ये कॉलेज बंद पडले.

फाउंडेशननंतर मधल्या पातळीचे अभ्यासक्रम येतात आणि इथे विभागाची अट बहुधा रुंदीची असते. निदान दोन-तीन माध्यमे हाताळलीच पाहिजेत, त्यांतले एक त्रिमितीय हवे, वगैरे. त्यानंतर एकदोन माध्यमांत वरच्या पातळीपर्यंत जायचे. प्रत्येक वर्ग आठवड्यातून साधारणपणे दोनदा, दोन-तीन तास भरतो. वर्गाबाहेर त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो, कारण तैलरंग वाळायला आणि भट्टी थंड व्हायला आपल्या वेळापत्रकाची पर्वा नसते. तरीही श्रेयांक मिळतात ते सहसा आठवड्याला तीन तासांच्या व्याख्यानवर्गाइतकेच. स्टुडिओतल्या तासांचे मोल हे असे कमी धरले जाते आणि त्यात हातांच्या कामाकडे पाहण्याची जुनी विद्यापीठीय नजर अजून शिल्लक आहे, असे म्हणायला जागा आहे. मध्ययुगीन युरोपच्या सात उदार विद्यांत (लिबरल आर्ट्स हे नाव त्यांचेच) व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल होते. चित्रकला नव्हती. ती कारागिरांच्या बाजूला पडली होती. चित्रकलेला त्या पंक्तीत बसवण्यासाठी लिओनार्दो दा विंचीसारख्यांना वाद घालावा लागला.

अमेरिकी महाविद्यालयांतही कला आधी शिरली ती पाहण्याची गोष्ट म्हणून. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या व्हॅसरच्या मूळ आराखड्यातच कलादालन होते. ओबरलिनचे ॲलन मेमोरियल आर्ट म्युझियम १९१७ चे. तिथे १९४० पासून विद्यार्थ्यांना मूळ कलाकृती सत्रापुरत्या भाड्याने दिल्या जातात. भाडे नाममात्र. खोलीत पिकासोचे मुद्राचित्र लावायला मिळावे म्हणून मुले आदल्या रात्रीपासून रांग धरतात. चित्र काढण्याला मुख्य विषयाचा दर्जा सर्वत्र मिळायला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १९४४ च्या जी.आय. बिलामुळे युद्धावरून परतलेले सैनिक सरकारी खर्चाने शिकू लागले आणि महाविद्यालयांतले कलाविभाग वाढले. चित्रकार हेलन फ्रँकेनथेलर या याच काळात, १९४९ मध्ये, बेनिंग्टनमधून पदवीधर झाल्या.

कलेच्या इतिहासाचे दोन-तीन अभ्यासक्रम ही स्टुडिओ आर्टच्या पदवीतली जवळपास अटळ अट. त्यांतला एक आधुनिक किंवा समकालीन कलेचा आणि एक पाश्चात्त्य परंपरेबाहेरचा असावा, असे अनेक विभाग सांगतात. या दुसऱ्या अटीतूनच अजिंठा-वेरूळ किंवा मुघल लघुचित्रे त्या वर्गांत येतात. सगळेच विद्यार्थी ही अट आनंदाने पाळतात असे नाही, पण सत्राअखेरचा निबंध लिहिल्याशिवाय सुटका नसते.

तिसऱ्या वर्षी परिसंवाद किंवा आढावा असतो. विद्यार्थ्याने आजवरचे काम अध्यापकांपुढे मांडायचे आणि चौथ्या वर्षी काय करणार ते सांगायचे. काही ठिकाणी या टप्प्यावर सिद्ध झालेल्यांनाच स्वतःची जागा मिळते. पांढऱ्या भिंतींनी आखलेला एक कोपरा आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी किल्ली. लाकूडकामाची करवत, वेल्डिंग, एचिंगमधली आम्ले यांना हात लावण्यापूर्वी सुरक्षिततेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. साहित्याचा खर्च शुल्काच्या वर बऱ्याचदा वेगळा पडतो.

पदवीचा खरा भार चौथ्या वर्षावर आहे. वरिष्ठ परिसंवाद आणि शेवटचे प्रदर्शन यांना माहितीपत्रकात दोन ओळी मिळतात आणि विद्यार्थ्याचे जवळजवळ वर्ष जाते. एकमेकांशी बोलणाऱ्या कलाकृतींचा एक संच घडवायचा, कलाकार म्हणून आपले निवेदन लिहायचे, दालनात मांडणी करायची. भिंतीतली जुनी भोके पुट्टीने बुजवणे, दिव्यांचे कोन लावणे, चित्रांची उंची मोजणे, नावाच्या पट्ट्या चिकटवणे हेही त्याच अभ्यासात मोडते. निवेदन हे अनेकांना चित्रापेक्षा अवघड जाते. ‘मला अवकाशाचा शोध घ्यायचा आहे’ अशी वाक्ये प्राध्यापक निर्दयपणे खोडतात आणि कोणता अवकाश, कशाने शोधला, हे विचारतात.

या साऱ्याच्या मुळाशी आहे ‘क्रिट’ (क्रिटीक), म्हणजे वर्गाने मिळून केलेली कामाची चिकित्सा. काम भिंतीवर लागते, वर्ग भोवती बसतो, आणि काही प्राध्यापकांच्या वर्गात करणाऱ्याने सुरुवातीला गप्प बसायचे असते. बाकीचे आधी काय दिसते ते सांगतात, मग त्याचा अर्थ लावतात, आणि जमले की फसले ते शेवटी. आवडले-नावडले याला तिथे किंमत नाही, कारण देता आले पाहिजे. लेखी परीक्षेची जागा बहुतांशी क्रिटने घेतली आहे. गुण देताना अंतिम कृतीबरोबर रेखाटनवही, फसलेले प्रयत्न आणि क्रिटमधला सहभागही पाहिला जातो. क्रिटची पद्धत निर्दोष नाही. बोलक्या विद्यार्थ्याचे सामान्य काम तरून जाते आणि अबोलाचे चांगले काम दुर्लक्षित राहते, हे अध्यापकही मान्य करतात. पण इतिहास आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून आपल्या कृतीचे समर्थन करता येणे, हीच या पदवीची खासियत आहे आणि ती क्रिटशिवाय येत नाही.

प्रवेशाच्या अटी महाराष्ट्रातल्या पालकांना चकित करतात. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांपासून स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशी तयारी सुरू होते. बारावीनंतर बी.एफ.ए.साठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्राच्या प्रात्यक्षिकांना मोठे स्थान आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्याचा हात आधीच बसलेला असतो. लिबरल आर्ट्स महाविद्यालयात प्रवेश मिळतो तो महाविद्यालयाला, विभागाला नव्हे. पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संच, बहुधा ऐच्छिक असतो आणि मुख्य विषय साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. रसायनशास्त्र घ्यायला आलेली मुलगी मुद्राचित्रणात पदवी घेऊन बाहेर पडू शकते, किंवा दोन्ही विषयांत. दुहेरी मुख्य विषय घेणारे इथे बरेच आढळतात. उलट चित्रातच बुडून जायचे ठरवूनच निघालेल्याला ही पदवी अपुरी वाटण्याचा संभव आहे. त्याच्यासाठी बी.एफ.ए. बरी.

अपुरेपणाची ही जाणीव पदवीनंतर नेमकी उघडी पडते. कलाध्यापकांची अमेरिकी संघटना असलेल्या कॉलेज आर्ट असोसिएशनने १९६० मध्ये एम.एफ.ए.ला (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) कलानिर्मितीतली अंतिम पदवी मानले. तिच्यासाठीच्या अर्जात पोर्टफोलिओच निर्णायक असतो आणि तिथे बी.ए.वाल्याची स्पर्धा स्टुडिओत दुप्पट वेळ घालवलेल्यांशी होते. म्हणून अनेक जण मध्ये एखादे वर्ष खास पोर्टफोलिओ वाढवण्यासाठीचा पदवी-पश्चात अभ्यासक्रम करतात किंवा काही काळ नोकरी करत स्वतःच्या जागेत काम करतात. बाकीचे संग्रहालये, प्रकाशन, शालेय अध्यापन, वास्तुकलेचे पुढचे शिक्षण अशा वाटांनी जातात.