ठरावापासून कायद्यापर्यंत: अमेरिकेतल्या शहरांनी नागरी स्वातंत्र्यासाठी कसा लढा दिला

नागरी स्वातंत्र्य म्हटलं की डोळ्यासमोर सुप्रीम कोर्ट आणि मोठमोठे वकील येतात, पण अमेरिकेतला गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बघितला तर बरीचशी झटापट सिटी कौन्सिलच्या हॉलमध्ये झालेली दिसते, आणि ती करणारे लोक अगदी साधे रहिवासी होते. याला एक व्यावहारिक कारणही आहे. कोर्टात जायचं तर आपलं नुकसान झालंय हे दाखवावं लागतं, आणि पाळत गुपचूप ठेवली असेल तर ते दाखवणार कसं? २०१३ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने क्लॅपर विरुद्ध अ‍ॅम्नेस्टी या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी नेमकं हेच सांगितलं, की आपल्यावर पाळत असेल अशी नुसती भीती पुरेशी नाही. कौन्सिलच्या बैठकीत मात्र असलं काही सिद्ध करावं लागत नाही, माइकसमोर उभं राहून विचारायचं, हे पाळतीचं यंत्र कशाला घेताय.

सुरुवात साधारण सत्तरच्या दशकात धरता येईल. शिकागो, न्यूयॉर्कसारख्या शहरांत पोलिसांची खास पथकं होती, लोक त्यांना रेड स्क्वाड म्हणायचे, आणि युद्धविरोधी मोर्चे काढणारे, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणारे, कामगार संघटनावाले अशा सगळ्यांच्या फायली तिथे तयार व्हायच्या. वरच्या पातळीवर एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा कोइंटेलप्रो हा देशातल्याच राजकीय संघटनांवर नजर ठेवून त्यांना मोडून काढण्याचा गुप्त कार्यक्रम १९५६ पासून चालू होता. तो उघडा पडला तो ८ मार्च १९७१ च्या रात्री, जेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या छोट्या गावातलं एफबीआयचं ऑफिस काही सामान्य नागरिकांनी फोडलं (त्या रात्री अली-फ्रेझर लढत होती, सगळ्यांचं लक्ष तिकडे असणार हे ओळखून) आणि कागदपत्रं वर्तमानपत्रांना पाठवून दिली. १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च कमिटीने (गुप्तचर संस्थांच्या गैरप्रकारांची चौकशी करणारी समिती) सगळं खणून काढलं, १९७८ मध्ये हेरगिरीसाठीच्या पाळतीला खास कोर्टाची परवानगी लागेल असं सांगणारा फिसा कायदा आला. पण त्याच काळात सिएटलमध्ये जे झालं त्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. तिथल्या स्थानिक संघटना एकत्र आल्या आणि १९७९ मध्ये शहराने स्वतःचा कायदा केला, की पोलिसांनी लोकांच्या राजकीय आणि धार्मिक गोष्टींची माहिती गोळा करण्यावर मर्यादा राहील. न्यूयॉर्कमध्ये मात्र पोलिसांच्या अशाच राजकीय पाळतीविरुद्ध १९७१ साली दाखल झालेला हँडशू खटला मिटायला १९८५ उजाडलं.

मग ११ सप्टेंबर २००१ झालं. सरकारचे पाळतीचे अधिकार वाढवणाऱ्या पॅट्रियट अ‍ॅक्टवर २६ ऑक्टोबरला सही झाली, म्हणजे जेमतेम दीड महिन्यात, आणि सिनेटमध्ये विरोधात फक्त १ मत पडलं, रस फाइनगोल्ड यांचं. त्यातल्या कलम २१५ मुळे लायब्ररीत कोण काय वाचतो याच्या नोंदीही सरकार मागू शकत होतं. वॉशिंग्टनमध्ये कुणी ऐकायला तयार नव्हतं, मग मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या रहिवाशांनी नोव्हेंबर २००१ मध्येच बिल ऑफ राइट्स डिफेन्स कमिटी काढली, सह्या गोळा केल्या, आणि मे २००२ मध्ये कौन्सिलकडून या कायद्याविरोधात ठराव करून घेतला. अ‍ॅन आर्बर, डेन्व्हर वगैरे शहरंही त्याच वर्षी पुढे आली आणि बघता बघता असे ठराव करणाऱ्या गावं, शहरं, काउंटींची संख्या ४०० च्या वर गेली, ८ राज्यांनीसुद्धा ठराव केले.

आता प्रश्न असा की ठरावाने झालं काय? कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही, केंद्राचा कायदा गावाच्या ठरावाने थांबत नाही. कॅलिफोर्नियातल्या अर्काटा या छोट्या शहराने २००३ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं, पॅट्रियट अ‍ॅक्टखालच्या तपासाला आपणहून मदत करणाऱ्या शहराच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला ५७ डॉलर दंड! रक्कम छोटी आहे पण विचार नवा होता, कारण केंद्राला अडवता येत नसलं तरी आपल्या अधिकाऱ्यांनी काय करायचं हे शहर ठरवू शकतं. पुढचं सगळं याच धाग्यावर चालतं असं माझं मत आहे.

ओकलंडमध्ये हे नीट दिसलं. जुलै २०१३ मध्ये कौन्सिलने डोमेन अवेअरनेस सेंटरसाठी केंद्राचे २० लाख डॉलर घ्यायला मंजुरी दिली. बंदर, रस्ते, सगळीकडचे कॅमेरे आणि सेन्सर एका ठिकाणी जोडायचे अशी योजना. केंद्र सरकारची प्रचंड पाळत उघड करणारी एडवर्ड स्नोडेनची कागदपत्रं जूनमध्येच बाहेर आलेली, त्यामुळे लोक सावध होते. त्यांनी माहिती मागवली, हजारो पानं ईमेल मिळवले, आणि त्यात गुन्ह्यांपेक्षा आंदोलनांवर नजर ठेवण्याची चर्चाच जास्त दिसते असं स्थानिक पत्रकारांनी छापलं. बैठका मध्यरात्रीपर्यंत चालल्या, मार्च २०१४ मध्ये कौन्सिलने सेंटर फक्त बंदरापुरतं ठेवलं. लोक तिथे थांबले नाहीत हे महत्त्वाचं, त्यांनी कायमची समिती मागितली आणि २०१६ मध्ये शहराचं प्रायव्हसी अ‍ॅडव्हायझरी कमिशन सुरू झालं. त्याच वर्षी सांता क्लारा काउंटीने कायदा केला, की पाळतीचं कुठलंही तंत्रज्ञान घ्यायच्या आधी जाहीर चर्चा आणि मंजुरी लागेल. मे २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने ८ विरुद्ध १ मतांनी शहराच्या खात्यांना चेहरा ओळखणारं तंत्रज्ञान वापरायला बंदी घातली, मग सोमरव्हिल आणि ओकलंडनेही तेच केलं.

पण हे मिळालं म्हणजे टिकलं असं नाही. सॅन डिएगोत २०१६ मध्ये वीज वाचवणारे स्ट्रीटलाइट म्हणून जे मंजूर झालं त्यात कॅमेरे आहेत हे लोकांना कळायला २०१९ उजाडलं, मग संघटनांची आघाडी झाली, २०२० मध्ये महापौरांनी पोलिसांचा वापर थांबवला, २०२२ मध्ये कायदा झाला आणि प्रायव्हसी बोर्डही आलं. २०२३ मध्ये पोलिसांनी तेच कॅमेरे पुन्हा मागितले, नंबरप्लेट वाचणारे रीडर जोडून. बोर्डाने विरोधात मत दिलं, कौन्सिलने तरीही मंजुरी दिली, आणि २०२४ मध्ये मूळ कायदासुद्धा सैल केला.