कानस, गेज आणि आर्मरर

आर्मरर म्हटलं की बहुतेकांना वाटतं बंदुका पुसून तेल लावून ठेवणारा माणूस. मूळ काम फार वेगळं होतं. अठराव्या शतकात एकाच पलटणीतल्या दोन मस्केट (जुन्या लांब बंदुका) वरून सारख्या दिसल्या तरी एकीचा घोडा दुसरीला बसेलच असं नसायचं, कारण प्रत्येकीचं लॉक (घोडा, स्प्रिंगा, आतले खटके हे सगळं मिळून) कारागिराने कानशीने घासून घासून जुळवलेलं असायचं. मग काही मोडलं की नवा पार्ट काढला आणि लावला असं नाही, आर्मररने तो तुकडा त्या एकाच बंदुकीपुरता घासून बसवायचा. अर्धा लोहारच म्हणा ना.

हे बदलायचा हट्ट फ्रान्समधे ऑनोरे ब्लांक नावाच्या माणसाने धरला. १७८५ मधे थॉमस जेफरसन, जो तेव्हा पॅरिसला अमेरिकेचा राजदूत होता, ब्लांकच्या वर्कशॉपमधे गेला तर तिथे ५० लॉकचे सुटे पार्ट वेगवेगळे करून ठेवलेले, त्यातले हाताला लागतील ते उचलून जेफरसनने स्वतः काही लॉक जोडले आणि ते चक्क बसले! त्याने लगेच पत्राने घरी कळवलं. पुढे १७९८ मधे अमेरिकेत एली व्हिटनी नावाच्या कारखानदाराने १०,००० मस्केट दोन वर्षांत देतो म्हणून कॉन्ट्रॅक्ट घेतलं, लागली दहा वर्षं, आणि १८०१ मधे पुढाऱ्यांसमोर पार्ट अदलाबदलीचा जो खेळ केला तो बराचसा दाखवायच्या दातांचा होता कारण त्याच्या शिल्लक बंदुका नंतर तपासल्या तर पार्ट एकमेकांना नीट बसत नाहीत. खरं काम जॉन हॉलचं, हार्पर्स फेरीच्या सरकारी बंदूक कारखान्यात, १८२० च्या दशकात, मशीन आणि ढीगभर गेज (पार्टचं माप बरोबर आहे का ते तपासायचे ठरीव तुकडे) वापरून. शाळेच्या पुस्तकात मात्र व्हिटनी. असो. तीच अमेरिकन मशिनरी मग ब्रिटिशांनी १८५० च्या दशकात एनफिल्डच्या आपल्या बंदूक कारखान्यात आणली.

तेव्हापासून आर्मररच्या हातातली कानस मागे पडत गेली आणि गेज आला. बोल्टचं (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) तोंड आणि चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) यांच्यातलं अंतर, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते 'गो' गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि 'नो-गो'वर नाही झाला पाहिजे, इतकं सरळ. थ्री नॉट थ्रीच्या नंबर फोर रायफलमधे तर यासाठी बोल्ट हेडच चार मापांत यायचे, ० ते ३, झीज झाली की पुढचा नंबर लावायचा. आणि त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमुळे (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) नळीत मीठ साठायचं, मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून आधी उकळतं पाणी नळीतून ओतायचं आणि मगच तेल. हे ज्याने टाळलं त्याची नळी गंजलीच.

साफसफाईला हलकं समजलं की काय होतं ते व्हिएतनाममधे दिसलं. अमेरिकन सैनिकांच्या एम-१६ रायफलला फारसं साफ करावं लागत नाही असा समज पसरलेला, क्लीनिंग किट पुरेसे नाहीत, त्यात काडतुसातली दारू बदललेली आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, मग ऐन चकमकीत झाडलेल्या काडतुसाची रिकामी केस चेंबरमधेच अडकायला लागली. १९६७ मधे अमेरिकन काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, क्रोम आलं, किट आले, आणि साफसफाई शिकवायला चक्क चित्रांचं कॉमिक छापलं.

पोलिसांचं दुखणं निराळं. तिथे हत्यार झाडलं कमी जातं पण रोज कमरेला असतं, घाम, धूळ, पाऊस. रिव्हॉल्व्हर होते तोवर सिलिंडर नेमका नळीसमोर येऊन थांबतोय का हे बघायला, जुळवायला हात सराईत लागायचा, तिथे कानस अजून जिवंत होती. पिस्तुलं आल्यावर ते बरंच गेलं, आता किती राउंड झाले ते रजिस्टरमधे लिहायचं आणि स्प्रिंग चांगली दिसली तरी ठरल्या आकड्याला बदलून टाकायची.