रेणुका-यल्लम्मा उत्पत्तिकथा

बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराशी निगडित दैवतकथांचा समूह. जमदग्नीची पत्नी आणि परशुरामाची आई रेणुका हीच यल्लम्मा, असे सीमाभागातील मराठी आणि कन्नड भाविक मानतात. मात्र संस्कृत ग्रंथांतील रेणुका आणि डोंगरावर सांगितली जाणारी रेणुका यांच्या कथा एकाच मुळातून आलेल्या दिसत नाहीत.

महाभारताच्या वनपर्वात रेणुका ही प्रसेनजित राजाची मुलगी आहे. स्नानाला गेली असता मार्तिकावतचा राजा चित्ररथ पत्नींसह जलक्रीडा करताना तिला दिसतो आणि तिचे मन चळते. जमदग्नी ते ओळखून मुलांना तिचा वध करण्यास सांगतो. रुमण्वान, सुषेण, वसू व विश्वावसू कचरतात आणि शापाने जडबुद्धी होतात. धाकटा राम, म्हणजे परशुराम, परशूने तिचे शिर उडवतो. मग वर म्हणून तो आईचे जिवंत होणे, तिला वधाची आठवण न राहणे आणि भावांची शापमुक्ती मागून घेतो. भागवताच्या नवव्या स्कंधात चित्ररथ गंधर्वराज होतो, रेणुका गंगेवर पाणी आणायला गेलेली असते आणि होमाची वेळ टळते. अनुशासनपर्वातील रेणुका आणखी वेगळी: जमदग्नीने सोडलेले बाण वेचून आणताना उन्हाने ती पोळते आणि शेवटी सूर्यच छत्री व पादत्राणे देतो. यांपैकी कोठेही वाळूची घागर नाही.

डोंगरावरच्या कथेचा कणा तीच घागर आहे. रेणुका रोज मलप्रभेच्या काठी ओल्या वाळूची घागर घडवते, नागाच्या वेटोळ्याची चुंबळ करते आणि पूजेचे पाणी आणते. मन चळते त्या दिवशी वाळू बांधेनाशी होते, नागही निसटतो. जमदग्नीच्या शापाने तिच्या अंगावर रोग फुटतो. एकय्या आणि जोगय्या हे दोन सिद्ध तिला बरे करतात व परडी घेऊन जोगवा मागायला सांगतात. ती आश्रमात परतल्यावर शिरच्छेद होतो.

यापुढचा भाग सर्वांत वादग्रस्त आहे. काही कथनांत रेणुकेबरोबर एका मातंग स्त्रीचेही शिर तुटते आणि जिवंत करताना शिरांची अदलाबदल होते. तमिळ प्रदेशात मारियम्मन देवीविषयी हीच घटना सांगतात. माहूरला मात्र देवीच्या केवळ मुखाची उपासना का, याचे उत्तर शिरच्छेदात शोधत नाहीत: सती गेलेली आई भूमीतून प्रकटत असता परशुरामाने मागे वळून पाहिले, म्हणून मुखच वर आले, अशी तेथील कथा. एका मतानुसार संस्कृत कथाच दक्षिणेत येऊन लोकरूप पावली. दुसरे मत असे, की वारूळ आणि भूमी यांच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या स्थानिक मातृदेवतेवर भार्गवकथा, म्हणजे परशुरामाच्या कुळाची कथा, नंतर चढली, लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांच्या विवेचनाचा कल याच बाजूला आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. परशुराम वगळला तरी परडी, जोगवा, नाग आणि पाणी शिल्लक राहतात. ही अंगे वगळली तर उपासनेत फारसे काही उरत नाही. अडचण एकच: यात्रेचे पंचांग कार्तवीर्याच्या, म्हणजे ज्याच्या वैरातून जमदग्नी मारला गेला त्या राजाच्या, कथेशिवाय लागत नाही.

जमदग्नीच्या हत्येनंतर रेणुका विधवा झाली, म्हणून मार्गशीर्ष पौर्णिमा ही ‘रांडाव पुनव’. या दिवशी परंपरेने जोगतिणींच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या स्त्रियांच्या, बांगड्या फोडल्या जात. माघी पौर्णिमा ही ‘अहेव पुनव’, म्हणजे सवाष्णपणाची पौर्णिमा. तेव्हा हिरवा चुडा पुन्हा चढतो. वनपर्वात जमदग्नी पुन्हा जिवंत होत नाही. भागवतात त्याला सप्तर्षींत स्थान मिळते, तर ब्रह्मांडपुराणात भृगू त्याला उठवतो. अहेव पुनवेला पोथीचा आधार हवाच असेल तर तो येथे.

सध्याचे देऊळ साधारणतः १५१४ च्या सुमारास रायबागच्या बोमप्पा नायकाने बांधले असे मानतात. स्थान त्याहून जुने असावे. सौंदत्ती ही रट्ट राजघराण्याची आधीची राजधानी. पुढे ती वेणुग्रामास, म्हणजे बेळगावास गेली.

भाविक आधी जोगुळभावीत स्नान करून सत्यम्माचे दर्शन घेतात, मग डोंगर चढतात. पुरणपोळी, कडबू, भाजी, भात व आंबील यांनी परड्या भरतात, भंडारा उधळतात. देवीचा मुखवटा बसवलेली टोपली म्हणजे जग. ती डोक्यावर घेऊन नाचताना चुंबळ सैल राहिली की तोल जातो. साथीला चौंडके असते. त्याच्या लाकडी नळकांड्याचे एक तोंड कातड्याने मढवतात, कातड्याच्या मध्यातून निघालेली तार एका हाताने ताणून दुसऱ्या हाताने छेडतात. ताण कमी-जास्त करून स्वर वर-खाली होतो. दमट हवेत कातडे सैलावते व आवाज बसतो, म्हणून ते शेकून घेतात.

देवीला मुली सोडण्याच्या प्रथेवर मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली. कोकटनूर (ता. अथणी) आणि जत येथेही यल्लम्माच्या यात्रा भरतात.