व्होल्टामीटर (वजनावरून करंट मोजणे)

द्रावणातून करंट सोडला की प्लेटवर धातू चढतो, आणि किती चढला त्या वजनावरून करंट काढायचा, या साधनाला व्होल्टामीटर म्हणतात. पाया फॅरेडेच्या १८३०च्या दशकातल्या नियमांचा, की चढलेला धातू हा गेलेल्या चार्जच्या (करंट गुणिले वेळ) प्रमाणात असतो. १ अँपिअर १ सेकंद गेला तर चांदी १.११८ मिलिग्रॅम चढते, तांबं ०.३२९४.

शिकायला तांब्याचा बरा, कारण त्याला लागणारं मोरचूद (कॉपर सल्फेट) आपल्याकडे कुठंही मिळतं, तासगावकडचे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवरची फवारणी) तेच वापरतात (प्रयोगाला मात्र शुद्ध घ्यावं). मोरचुदाच्या पाण्यात थोडं सल्फ्युरिक ॲसिड, तांब्याच्या दोन प्लेटा, बॅटरी, रिओस्टॅट (करंट कमी-जास्त करायला) आणि ज्याची परीक्षा घ्यायची तो अमीटर (करंट दाखवणारा मीटर), सगळं एकाच सर्किटमधी ओळीनं जोडायचं. कॅथोडची प्लेट (बॅटरीच्या ऋण टोकाची, जिच्यावर तांबं चढतं) पॉलिश पेपरनं घासून, धुवून, वाळवून आधी वजन करायची, मग अर्धा तास करंट एकसारखा ठेवायचा, आणि प्लेट काढून हळू धुवून वाळवून परत वजन. अर्धा अँपिअर असेल तर साधारण ०.२९६ ग्रॅम तांबं चढतं, म्हणजे वजनात ३ मिलिग्रॅम चुकलं की उत्तर एक टक्क्यानं गेलंच, म्हणून खरी कसोटी काट्याची आहे, तो चांगला नसेल तर या प्रयोगात काही अर्थ नाही. करंट प्लेटच्या मानानं जास्त झाला तर तांबं भुसभुशीत बसतं आणि धुताना निघून जातं. वजन कॅथोडचंच धरावं, ॲनोडचे (दुसऱ्या, धन टोकाच्या प्लेटचे) कण गळून तळाला बसतात.

चांदीचा त्याहून अचूक. विट्याची गलाई करणारी मंडळी देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यांना चांदीच्या बारीक वजनाचं महत्त्व सांगायला नको, आणि त्याच चांदीच्या वजनावर १९०८ ते १९४८ आंतरराष्ट्रीय अँपिअर ठरलेला होता, ही मला या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

एडिसननं १८८०च्या दशकात घरोघरी असेच मीटर बसवले, जस्ताच्या प्लेटा ठरावीक काळानं काढून नेऊन वजन करायचे आणि त्यावरून बिल. ते चाललं कारण तिथली वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी होती. कोयनेची वीज एसी, तिच्यात दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, चढलेलं परत उतरतं, त्यामुळं घरच्या प्लगवरून हे थेट मोजता येत नाही.