हॉलभर एकच स्विच: डेटा सेंटर फॅब्रिकची पार्श्वभूमी

कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये आज नवं नेटवर्क उभारायचं तर लीफ-स्पाइन (रॅकमधला प्रत्येक 'लीफ' स्विच वरच्या प्रत्येक 'स्पाइन' स्विचला जोडायची रचना) आणि त्यावर व्हीएक्सलॅन (त्याच जाळ्यावर आभासी नेटवर्क चालवायची पद्धत), हे जवळपास ठरलेलं असतं. निविदेत 'फॅब्रिक', म्हणजे स्विचचं विणलेलं जाळं, हा शब्दही असतोच. पण इथवर येण्याआधी या क्षेत्राने बरीच वर्षं एका वेगळ्या कल्पनेच्या नादात घालवली. अनेक स्विच, म्हणजे सर्व्हर एकमेकांशी जोडणाऱ्या पेट्या, जोडायचे आणि त्यांना मिळून एकाच स्विचसारखं वागायला लावायचं, अशी ती कल्पना.

मुळाशी स्पॅनिंग ट्री होता. १९८५ च्या सुमारास तयार झालेला हा प्रोटोकॉल १९९० मध्ये मानक झाला. लूप होऊ नये, म्हणजे डेटा गोलगोल फिरत राहू नये, म्हणून तो जादा लाइन बंद ठेवतो. म्हणजे रॅकमधून वर दोन लाइन घ्यायच्या, पैसे दोन्हींचे मोजायचे आणि त्यातली एक नुसती पडून राहायची. या झाडाचं मूळ, म्हणजे रूट स्विच कोण, हे प्रायॉरिटीच्या आकड्यावर ठरतं. बहुतेक स्विचवर ती ३२७६८ अशीच येते, आणि बरोबरी झाली की ज्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) लहान तो जिंकतो. कुणी हाताने आकडा बदलला नसेल, तर कोपऱ्यातली जुनी पेटी सगळ्या हॉलची रूट होऊन बसलेली सापडायची. लाइन तुटली की नवा मार्ग मिळायला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ मधल्या सुधारित आवृत्तीने ते बरंच कमी केलं, पण पसारा वाढला की धोका तसाच. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क याच कारणाने कोलमडलं आणि डॉक्टरांना काही दिवस कागदावर काम करावं लागलं.

तरी निभत होतं. खरी ओढाताण व्हर्च्युअल मशीनमुळे, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या संगणकांमुळे, सुरू झाली. २००३ पासून चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येऊ लागलं, पण आयपी पत्ता तोच ठेवायचा तर दोन्हीकडे तोच व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला आभासी भाग) हवा. मग व्हीलॅन रॅकबाहेर पडले, हॉलभर पसरले, काही ठिकाणी तर दुसऱ्या इमारतीत गेले. आपल्या प्रोग्रॅममध्ये आयपी पत्ते कोरून ठेवणाऱ्यांचं बिल इथे नेटवर्कवाल्यांच्या नावे फाटलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यावर २००७-०८ च्या आसपास आलेला उपाय आकर्षक होता. दोन मोठे स्विच एका कंट्रोल प्लेनखाली, म्हणजे मार्ग ठरवणाऱ्या एकाच मेंदूखाली, बांधायचे. खालच्या स्विचला वर एकच शेजारी दिसतो, दोन्ही लाइन एका गठ्ठ्यात चालतात, स्पॅनिंग ट्रीला अडवायला काही उरत नाही. कॉन्फिगरेशन एकदाच लिहायचं. सादरीकरणात याला तोड नव्हती.

वाद होता तो मेंदू एकच असण्यावर. दोन पेट्यांमधली जोडणी तुटली की दोघींना वाटायचं, दुसरी मेली, आता मीच मुख्य. मग एकाच आयपीचे, एकाच मॅकचे दोन दावेदार. ते ओळखायला तिसरी वेगळी लाइन टाकावी लागे. सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला तर तो दोन्हीकडे एकदमच. अपग्रेडची रात्र तर विचारूच नका. दोन पेट्या घेतल्या त्या एक पडली तरी दुसरी उभी राहावी म्हणून, आणि त्यांचं नशीब आपणच एका गाठीत बांधलं! म्हणून दुसऱ्या गटाने मेंदू दोन ठेवले आणि फक्त खाली जाणाऱ्या लाइनचा गठ्ठा सामाईक केला. कॉन्फिगरेशन दोनदा लिहावं लागे, ते दोन्हीकडे जुळवत बसावं लागे, पण एक पेटी झोपली तरी दुसरी जागी असायची. फेब्रुवारी २०११ मध्ये पहिल्या कल्पनेचं टोक गाठलं गेलं. १२८ पेट्या, ६,१४४ पोर्ट आणि सगळं मिळून कागदोपत्री एकच स्विच. तो चालवायला मात्र नियंत्रणाचं वेगळं नेटवर्क लागे आणि ते साध्या इथरनेट स्विचवर उभारलेलं असे. साधेपणा विकत घेतला होता, पण गुंतागुंत आतल्या खोलीत हलवून.

त्याच सुमारास दोन मानक संस्थांनी स्पॅनिंग ट्रीच्या एकाच दुखण्यावर दोन औषधं काढली. २०११ मध्ये ट्रिल, २०१२ मध्ये एसपीबी. विक्रेत्यांनी त्यात आपापली वळणं घातली आणि एकाचा स्विच दुसऱ्याशी बोलेना.

उत्तर बाहेरून आलं. १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेली क्लोज रचना (आजच्या लीफ-स्पाइनचं मूळ) २००८ च्या सुमारास संशोधकांनी स्वस्त स्विच घेऊन पुन्हा मांडली. प्रचंड डेटा सेंटर चालवणाऱ्यांनी रॅकपर्यंत राउटिंगच (आयपी पत्त्यावरून मार्ग ठरवणं) नेलं, तेही बीजीपीने, म्हणजे इंटरनेटवर नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलने. व्हीलॅनची गरज भागवायला वरून व्हीएक्सलॅन. त्याचा मसुदा २०११ चा, अधिकृत प्रकाशन २०१४ चं. व्हीलॅन जास्तीत जास्त ४,०९४ करता येतात, इथे असे भाग एक कोटी ६७ लाखांहून अधिक. सुरुवातीला कोणता पत्ता कुठे हे शोधायला सगळीकडे ओरडत सुटावं लागे. ते काम ईव्हीपीएनने (बीजीपीवरून पत्ते कळवायची पद्धत) केलं, ज्याचं मूळ मानक २०१५ चं आणि ओव्हरलेसाठीचं, म्हणजे व्हीएक्सलॅनसारख्या वरच्या नेटवर्कसाठीचं, २०१८ चं. व्हीएक्सलॅनमुळे प्रत्येक पॅकेटवर ५० बाइटचा बोजा चढतो. मधल्या एखाद्या लाइनवर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) वाढवायचा राहिला तर पिंग, म्हणजे छोटं चाचणी पॅकेट, झकास जातो आणि मोठी फाइल मात्र अडकते.

आता प्रत्येक पेटीला स्वतःचा मेंदू आहे आणि 'एकच स्विच'पणा कंट्रोलरच्या, म्हणजे सगळे स्विच एकत्र हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पडद्यावर उरला आहे. एका सर्व्हरला दोन लीफशी जोडताना तेवढा जुना वाद डोकं वर काढतो. लीफमध्ये आपसांत जोडणी ठेवायची, की ईव्हीपीएनवरच सोपवायचं? कंपन्यांच्या हॉलमध्ये अजून दोन्ही दिसतात.